भाटव्यांनी साफ केलेला कप्पा

आमचे भाटवे, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पुण्यात एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत आहेत. तिथे ते नेमकं काय करतात, हे आमच्या घरात कोणी कधी विचारलं नाही. कंपनी कॉम्प्युटरची, तेव्हा माणूसही कॉम्प्युटरचाच, असं आम्ही धरून चाललो. मूळचे आमच्याच भागातले. पुण्याला गेल्यावर त्यांच्या 'मले'चं 'मला' झालं, आणि आम्हाला समजावून सांगण्याचा हक्कही त्याच्यासोबत आपोआप मिळाला.

मी फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावर पहिलीला शिकवतो. लेकरं घरी गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा, बोलतात. मी आई म्हणतो, ती याडी म्हणतात. मी भाकर म्हणतो, त्यांच्या ताटात बाटी असते. पुस्तक छापणाऱ्यांना याची खबर नाही. म्हणून मी तांड्यातल्या एका म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसायला लागलो. ती एकेक शब्द सांगायची, मी लॅपटॉपवर तिचा आवाज घ्यायचो आणि समोर मराठी अर्थ लिहायचो. तीन वर्षांचं काम होतं ते. त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवावी एवढी अक्कल मला नव्हती. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे.

उन्हाळ्यात भाटवे एका लग्नासाठी आले. लग्नघरी पंख्याखाली बसले असताना माझ्या लॅपटॉपवर त्यांची नजर गेली. जागा भरत आली आहे अशी सूचना पडद्यावर येत होती. त्यांनी लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला, इंटरनेटवरून कुठलंसं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि मला दाखवलं की डिस्कच्या शेवटी एक कप्पा आहे, त्याला नाव नाही, सी-डीसारखं अक्षर नाही, नुसती जागा अडवून बसलाय. कंपन्या असा कचरा भरून देतात आणि तुमच्यासारख्यांना ते कळत नाही, असं ते म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी तो कप्पा पुसला, ती जागा मुख्य कप्प्याला जोडली आणि सरबत मागवलं. पाहुण्यांत त्यांचं कौतुक झालं. त्यात मीही होतो.

सहा महिने काही झालं नाही. मग लॅपटॉप अडखळायला लागला, एकेक फाइल उघडायला चहा पिऊन होईल एवढा वेळ घ्यायला लागला. मी पुण्याला फोन लावला. भाटवे म्हणाले, फॅक्टरी रिसेट कर, आपल्या फाइली राहू देऊन मशीन नव्यासारखं करून मिळतं. मी ते बटण दाबलं. उत्तर आलं की रिकव्हरीची व्यवस्था या मशीनवर सापडत नाही. पुन्हा फोन. आता ते म्हणाले, चालू होता होता बटण दाबून तीनदा बंद कर, म्हणजे दुरुस्तीचा पडदा स्वतःहून येतो. मी शहाण्यासारखं तीनदा बंद केलं. पडदा आला, पण निळा. त्यावर लिहिलं होतं की मशीनला दुरुस्तीची गरज आहे. एवढं तर मलाही माहीत होतं. त्यानंतर लॅपटॉप त्या निळ्या पडद्यापुढे गेलाच नाही. भाटवे म्हणाले, मग हार्डवेअरचा प्रॉब्लेम असणार, आणि कुठल्याशा मीटिंगला निघून गेले.

यवतमाळला लॅपटॉपच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर होतं. काउंटरवरच्या माणसाच्या गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा होता आणि हातात एक छापील फॉर्म. त्याने लॅपटॉप उघडला, निळा पडदा पाहिला, मिटला. हार्ड डिस्क गेली, तो म्हणाला, डेटा गेलाच समजा, इथे सही करा. मी विचारलं, तुम्ही आत पाहिलं का? तो म्हणाला, "सर, अनुभव आहे." त्याने एक स्क्रूही फिरवला नव्हता. त्याच्या मागच्या भिंतीवर हसऱ्या बाईचं पोस्टर होतं, तिच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि तो बंद होता. मी सही केली नाही. मशीन पिशवीत घातलं आणि एसटीत बसलो.

वाटेत बहिणीचा फोन आला. मी रागारागात सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "अरे, ते तं हापिसातल्या खुर्च्या-टेबलांची खरेदी पाह्यतात. तू त्याइले कायले इचारत बसला?"

बस पुसदला पोहोचेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. भाटव्यांवर चिडावं की स्वतःवर, ते ठरत नव्हतं. कधी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं.

पुसदला बाजारात एक जुनं घड्याळांचं दुकान आहे. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आता त्यांची मुलगी तिथे बसते. पन्नाशीची असेल. सगळे तिला आपा म्हणतात. वडिलांचं डोळ्याला लावायचं भिंग खिळ्याला टांगलेलं आहे आणि त्याच काचेच्या टेबलावर ती लॅपटॉप उघडते. आमच्या शाळेचा प्रोजेक्टर तिनेच एकदा जिवंत केला होता. मी आधी तिच्याकडेच का गेलो नाही, याचं कारण लाजिरवाणं आहे. तिच्या गळ्यात पट्टा नव्हता.

आपाने मला काही न विचारता एक पेन ड्राइव्ह लावला आणि त्याच्यावरून लॅपटॉप चालू केला. पाचेक मिनिटांत माझी फोल्डरं पडद्यावर दिसली. हार्ड डिस्क ठणठणीत होती. तिने पहिल्यांदा माझं सगळं काम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग डिस्कचे कप्पे पाहिले आणि थांबली.

"गुरुजी, शेवटचा कप्पा कोनं उडवला?"

मी सांगितलं, पाहुणे होते, कचरा म्हणून काढला.

"कंपनी तो कप्पा लपवून कायले ठेवते? मानसाचा हात लागू नाही म्हनून," ती म्हणाली. "मशीन बिघडली का तिले नवी करायचं सामान त्याच्यातच राह्यते. तुमी दवाखानाच पाडून टाकला आन् मंग आजारी पडले."

ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने काम केलं आणि मी स्टुलावर बसून पाहिलं. नवी सिस्टम तिने दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्हवर तयार करून घेतली. सिस्टमच्या परवान्याचा नंबर कंपनीने मशीनच्या मदरबोर्डातच भरलेला असतो, तेव्हा तो शोधायची किंवा विकत घ्यायची गरज पडली नाही. मग तिने डिस्कच्या शेवटी पुन्हा एक छोटा कप्पा पाडला, दुरुस्तीची फाइल त्यात ठेवली, तो लपवला आणि पडद्यावर उघडलेल्या काळ्या खिडकीत दोन-तीन हुकूम टाइप केले. आधी तिथे रिकव्हरी बंद असं येत होतं, आता चालू असं आलं. मला वाटलं झालं. तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, आता तुम्ही स्वतः रिसेट मारा, चालल्याशिवाय मी देत नाही. मी बटण दाबलं. तिने मला पूर्ण करू दिलं, मध्ये एकदाही बोट लावलं नाही. तासाभराने मशीन पहिल्या दिवसासारखं उघडलं. मग माझं काम तिने त्याच्यात परत घातलं आणि वेगळी एक प्रत माझ्या हातात दिली.

मी तीनदा बटण दाबून बंद केलं त्यात काही फाइली मात्र खराब होऊन गेल्या होत्या. नात्यांचे सगळे शब्द त्यांत होते.

मी तांड्यावर गेलो. म्हातारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. माझी चूक कशी सांगावी याची वाटभर जुळवाजुळव केली होती. तिने अर्धीही ऐकली नाही.

"तुही मशीन भुलली, मी नाही भुलली," ती म्हणाली. "घे लिहून."

तिने सगळी नाती पुन्हा सांगितली. मग म्हणाली, जुनं राहिलेलं ऐकव. तोवर मी तिला कधी ऐकवलंच नव्हतं. घेतलं आणि निघालो, असंच चाललं होतं. मी आवाज लावला आणि समोरचे अर्थ वाचत गेलो. तिसऱ्या पानावर तिने हात वर केला. मी लिहिलेला अर्थ साफ चुकीचा होता. पुढे आणखी चार निघाले. ते मी तीन वर्षं वर्गात फळ्यावर लिहीत होतो. लेकरांना ते चूक आहेत हे पहिल्या दिवसापासून माहीत असणार. एकानेही सांगितलं नाही, कारण मी गुरुजी होतो.

मी पाचही अर्थ तिच्यासमोर बसून बदलले. ती शेंगा सोलत राहिली.