एकही दगड न वगळता

"दगडाला कुंकू लावलं म्हणजे कुणाचा खून केला का मी?"

"आई, तो नुसता दगड नाहीये."

"मग मी वेगळं काय म्हणतेय? नुसता दगड नाहीच आहे तो."

"तसं नाही हो! हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा आहे. भोवती दोरी बांधलीय. पाटी लावलीय."

"पाटी जपानीत आहे. मला काय कळणार?"

"पाटीवर हाताचं चित्र आहे. हातावर लाल फुली आहे."

"मला वाटलं, हात धुऊन या म्हणतायत. म्हणून धुतले मी. बाटलीतलं पाणी घेऊन."

"हळू!" आतल्या खोलीतून अनुप ओरडला. "तोयोसूच्या ऑफिसातली सगळी टीम लाइनवर आहे!"

नेत्राने मोबाइल सासूच्या नाकासमोर धरला. बागेतून आलेल्या फोटोत करडा, सपाट दगड होता, त्यावर पिवळ्या-लाल बोटांचे ठसे, बाजूला कागदी वाटीत भिजवलेले हरभरे आणि त्या हरभऱ्यांवर बसलेला एक गलेलठ्ठ कावळा.

"कावळा शिवला की," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि घेवड्याच्या शेंगा मोडायला लागल्या.

सुहासिनीबाई कुंभोजकर सांगलीच्या. तिकडे त्या ब्लाउज शिवायच्या. गिऱ्हाइकाने दारात पाऊल टाकलं की टेप न लावता माप सांगायच्या आणि वर "गेल्या दिवाळीपेक्षा सुटलीस गं" हेही सांगायच्या. यजमान लक्ष्मीकांत एसटीत होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि अनुपने आईला जपानात, इचिकावाला आणलं. इथे त्यांना एका जागी बसवायचं नाही. गॅलरीत जायच्या, परत यायच्या, कचऱ्याच्या पिशव्या उघडून बघायच्या की नेत्राने जळणाऱ्या कचऱ्यात प्लॅस्टिक तर नाही ना टाकलं. शेजारच्या म्हाताऱ्याच्या कुत्र्याला त्यांनी मोत्या नाव ठेवलं होतं. "काय म्हणतोय मोत्या? पोट बरं आहे का?" म्हातारा कमरेत वाकून जपानीतलं 'हो', म्हणजे "हाय, हाय" म्हणायचा. त्यांच्या मते तो मराठी शिकत होता.

चालत सुटल्या की त्या टेकाडावरच्या बागेत जायच्या. बाग म्हणजे गवत, गवतात मातीचं एक लांबरुंद जोतं आणि जोत्यावर तळखडे. लाकडी खांब ज्यावर उभे राहतात ते बुडाचे दगड. खांब कधीच गेले, छप्पर गेलं. एकेकाळी तिथे भिक्षुणींचा मठ होता, एवढं पाटीवर लिहिलेलं. नेत्राने ते वाचून दाखवलं तेव्हा सुहासिनीबाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे बायकांचं देऊळ."

नेत्रा पुण्यात शाळेत इतिहास शिकवायची. इचिकावात आल्यावर कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या त्या चोवीस तास उघड्या दुकानात, भाताचे त्रिकोणी गोळे मांडायचं अर्धवेळ काम मिळालं. येता-जाता ती बागेतल्या पाट्या वाचायची. त्या पाट्यांवरच तिचं जपानी सुधारलं. मग ती तिथल्या वाटाड्यांच्या गटात शिरली. गटातले सगळे पांढऱ्या केसांचे, ही एकटी काळ्या. बाकीचे बोलायचे आणि ही दंडाला हिरवी पट्टी बांधून छत्री धरायची. आणि आता, उद्या, तिला पहिल्यांदाच एकटीने लोकांना फिरवायचं होतं, कारण पाहुणे इंग्लंडहून येणार होते आणि गटात इंग्रजी हिलाच येत होतं.

तिकडच्या एका लहानशा गावातले ते लोक. गावात एका फार जुन्या सॅक्सन चर्चचे अवशेष आहेत, साधारण याच मठाच्या वयाचे, आणि तिथेही तेव्हा जोगिणीच राहायच्या. हे लोक ती पडझड सांभाळतात. त्यांनी आधीच फोटो पाठवले होते. गुडघाभर उंचीच्या भिंती, एक तुटकी कमान आणि एका फोटोत पावसाळी कोट घातलेल्या म्हाताऱ्या बाया, हातात पेटत्या मेणबत्त्या, त्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये उभ्या राहून गात असलेल्या. नेत्रा आरशासमोर भाषणाची तालीम करायची तेव्हा सुहासिनीबाई लॅपटॉपवर तो फोटो मोठा करून बघत बसायच्या.

"त्या बायका लावतात की दिवे," त्या आत्ता म्हणाल्या. "पडक्या चर्चात. त्यांच्यावर कुणी ओरडतं का?"

"ते त्यांचं आहे, आई. हे आपलं नाही."

"देवळातसुद्धा आपलं-तुपलं?"

"देऊळ नाहीये ते आता! होतं. होतं! जपानीत त्याला 'आतो' म्हणतात. म्हणजे नुसती खूण. काहीतरी होतं त्याची खूण."

"कपाळावरच्या गोंदणासारखी."

नेत्राने मोबाइल ओट्यावर ठेवला, उचलला, परत ठेवला. "एका दगडाचंच काय ते करता येईल. मी आत्ता जाते, ओला रुमाल घेऊन…"

"एका नाही."

"म्हणजे?"

"सगळ्या दगडांना लावलं."

"सगळ्या?"

"मग? एकीला लावायचं आणि दुसरीला वगळायचं? असं करतात का?"

हे शेवटचं वाक्य त्या शेंगांकडे बघून बोलल्या. पण नेत्राचे कान तापले. तिला कळलं की हे दगडांबद्दल नाही.

गेल्या आठवड्यात निशी-कसाई वस्तीतल्या मराठी बायकांचं चैत्राचं हळदीकुंकू होतं. मोबाइलवर निरोप आला होता, 'सर्व सुवासिनींना आग्रहाचं निमंत्रण'. सुहासिनीबाईंनी तो चष्म्याशिवाय वाचला. "अगं, हे बघ! सर्व सुहासिनींना! माझ्याच नावाने आमंत्रण!" नेत्राला वाटलं, सासू विनोद करतेय. ती हसली. मग आवरून बाहेर आली तर सासू अबोली इरकल नेसून, कानात मोत्याच्या कुड्या घालून चपला शोधत होती. आता काय सांगायचं? 'आई, तो व आहे, ह नाही'? एका अक्षरावरून माणसाला घरी बसवायचं? तिने नाही सांगितलं. तोझाई लाइनच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. सुहासिनीबाई सगळा रस्ता सांगत होत्या की डाळीला कैरी गोठवलेली चालत नाही, पण इथे काय, चालवून घ्यायचं.

हॉलमध्ये बायका ओळीने बसल्या होत्या. यजमानीण दिपालीने करंडा घेतला आणि एकेकीला लावत आली. नेत्राला लावलं. शेजारी सुहासिनीबाई होत्या, मान जराशी पुढे केलेली. दिपालीचं बोट हवेत थांबलं. "काकू, तुम्ही पन्हं घ्या ना," असं ती अगदी गोड म्हणाली आणि पलीकडे सरकली. पुढे केलेली मान सुहासिनीबाईंनी तशीच खाली नेली आणि साडीच्या निऱ्या नीट करत असल्यासारखं केलं.

"तुम्ही त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत," नेत्रा आत्ता म्हणाली.

"तू बोललीस?"

"मी काय बोलणार होते? तिचं घरचं कार्य—"

"हॉल भाड्याचा होता."

"आई!"

"जोगिणी ना त्या? एकीलाही नवरा नव्हता. मला वाटलं, इथं कोण मला पन्हं दाखवणार? मी त्यांना लावलं. मग बाटलीच्या पाण्यात बघून स्वतःला लावलं. टिकली नाही, कुंकू. मग बसले. बरं वाटलं, नेत्रा. दोन वर्षांत पहिल्यांदा पाय हलेनात माझे."

तेवढ्यात बेल वाजली.

दारात ओनुकी-सान उभे होते. वाटाड्यांच्या गटाचे प्रमुख; सान म्हणजे जपानीतलं 'जी'. टोपी हातात, दंडाला हिरवी पट्टी. ते बूट काढायच्या जागेच्या पुढे आले नाहीत. नेत्रा दोनदा वाकली, ते तीनदा वाकले.

जपानीत ते जे बोलले ते असं: कुणावर आरोप करायचा नाही. पण मोत्याच्या मालकाने, म्हणजे त्यांनी त्याचं खरं नाव घेतलं, काल नेत्रा-सानच्या सासूबाईंना तिथे पाहिलं. त्या आनंदात दिसत होत्या, असंही तो म्हणाला. लाल रंग पुसला गेला. पिवळा जात नाहीये.

"काय म्हणतायत?" सुहासिनीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणतायत, हळद जात नाही."

"जाईल कशी? सांगलीची आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी ओनुकी-सानकडे बघितलं आणि एकदम सरळ उभ्या राहिल्या. "सांग त्यांना. म्हणावं, मी लावलं. घाण म्हणून नाही टाकलं, मान म्हणून लावलं. म्हणावं, एवढ्या बायका तिथं राहिल्या, जेवल्या, मेल्या. त्यांची वास्तपुस्त कोण करतं? दोरी बांधून ठेवली म्हणजे झालं? त्या इंग्लंडच्या बायका बघा म्हणावं. सांग. सगळं सांग."

नेत्रा ओनुकी-सानकडे वळली. "सासूबाई म्हणतात, फार चूक झाली."

सुहासिनीबाईंनी भुवया उचलल्या. "मी एवढं बोलले. ते इतक्यात संपलं?"

"जपानी थोडक्यात असतं, आई."

"खोटं. परवा हवामान सांगायला तो माणूस अर्धा तास बोलत होता."

ओनुकी-सान म्हणाले, चूक मुद्दाम नव्हती हे समजतं. शहराची माणसं दुपारी येतील, मऊ ब्रशने साफ करतील. उद्या पाहुण्यांना फिरवण्याचं ठरल्याप्रमाणेच ठेवू. नेत्रा-सान इतकी मेहनत करतात, सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त एक. इथे ते थांबले. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. सासूबाईंनी पुन्हा तिथे येऊ नये. आपण हे त्यांच्या वतीने सांगू शकाल का? म्हणजे मला बाकीच्यांना तसं सांगता येईल आणि उद्या आपण निश्चिंत मनाने उभ्या राहाल.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, काळजी करू नका."

"एवढंच?"

नेत्राने दंडाला हात लावला. पट्टी आत खुंटीला होती, दंडावर नव्हती. तरी तिचं बोट तिथेच घासत राहिलं. तिला ती छत्री आठवली. दुसऱ्यांच्या डोक्यावर धरलेली, वर्षभर. ओनुकी-सान वाट बघत होते. ते घाई करत नव्हते आणि तेच जास्त वाईट होतं.

"हाय," ती म्हणाली आणि वाकली. खूप खाली वाकली. "त्या येणार नाहीत."

ओनुकी-सानचा चेहरा सैल झाला. त्यांनी सुहासिनीबाईंकडे बघून मान लववली. बाईंनीही हात जोडले. दार लागलं.

"चांगला माणूस आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आता सांग. एवढी कमरेत मोडलीस ती कशाला?"

"माफी मागितली."

"माफी तू आधी मागितलीस. तेव्हा थोडी वाकलीस. नंतर काहीतरी कबूल केलंस. मी मापं घेते बाई माणसांची."

"आई, उद्या माझा पहिला दिवस आहे."

"मी विचारतेय काय आणि तू सांगतेस काय?"

नेत्राने सिंकचा नळ सोडला आणि लगेच बंद केला. "तुम्ही यापुढे तिथे जायचं नाही. असं सांगितलं मी. आई, दगड आहेत हो ते! नुसते दगड! दुसऱ्या किती बागा आहेत. नदीकाठ आहे. मी रोज घेऊन जाईन तुम्हाला."

"मघाशी नुसते दगड नव्हते."

आत अनुप कुणाला तरी इंग्रजीत सांगत होता की येस, येस, सगळं कंट्रोलमध्ये आहे.

निवडलेल्या शेंगांचं ताट सुहासिनीबाईंनी ओट्यावर सरकवलं, हात पदराला पुसले. नेत्राला ते बघवेना. ती तडातडा देव्हाऱ्याकडे गेली, कोपऱ्यातल्या कपाटावरच्या त्या एवढ्याशा, आणि करंडा उघडून बोट बुडवलं. परत येताना चिमूटभर कुंकू फरशीवर सांडलं.

"थांबा. मी लावते तुम्हाला. इथं घरात, मी लावीन. रोज लावीन. दिपालीला काय म्हणायचं ते म्हणू दे. इकडे बघा ना, आई."

लाल बोट पुढे करून ती उभी होती. सुहासिनीबाईंनी त्या बोटाकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. त्यांची मान यावेळी जराही पुढे आली नाही. त्या दारापाशी गेल्या, भिंतीला हात टेकून आधी डावा, मग उजवा बूट चढवला आणि आरशात न बघता शाल सारखी केली.

"कुठे निघालात? आई? तिकडे नाही ना जाणार? आई, सांगा तरी."

अनुपचा कॉल चालू होता, म्हणून दार त्यांनी अगदी हळू ओढून घेतलं.