औषध कुणासाठी?

जयलक्ष्मी चिडली की तिचा आवाज चढत नाही, खाली येतो. तंजावरच्या मुलींच्या शाळेत तिने एकतीस वर्षं तमिळ शिकवलं. शेवटच्या बाकावरच्या पोरीही तो खालचा आवाज ऐकून सरळ बसायच्या. कळला नाही तो फक्त हरिप्रसादला, तिच्या नवऱ्याला.

आता गंमत पाहा. तमिळमध्ये हातखंडा असलेल्या या बाईचं दुखणं डॉक्टरांना तमिळमध्ये सांगायचं कुणी, तर हरिप्रसादने! राजवाड्यामागच्या त्यांच्या तंजावरी मराठी गल्लीत रीतच तशी. नाजूक गोष्ट बायकोने नवऱ्याला मराठीत सांगायची, म्हणजे परक्याला कळत नाही. मग परक्याला काय सांगायचं ते नवरा ठरवणार.

पाळी थांबून चार वर्षं झाली होती. अंगाचे चटके, घाम, चिडचिड, सगळं तिने सोसलं. पण नवऱ्याजवळ जावं ही ओढच मुळासकट गेली, आणि ती तिला हवी होती. हे तिने त्याला सांगितलं. तो डॉक्टरांना म्हणाला, "हिला थकवा येतो." लोहाच्या गोळ्या आल्या. तिने पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "झोप लागत नाही." झोपेच्या गोळ्या आल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दोन वर्षं हेच चाललं. माणसाने चिडायचं नाही तर काय करायचं?

यंदा दोघं नव्या डॉक्टरकडे, नागलक्ष्मींकडे गेली. हरिप्रसादने घसा साफ केला. "हिला थकवा..."

"तें नव्हे. खरें तें सांगा," जयलक्ष्मी मराठीत म्हणाली.

"गप ऐस. मानम जाईल, अब्रू जाईल. ह्या वयांत?" तोही मराठीतच.

ह्या वयांत! जयलक्ष्मीने खुर्ची डॉक्टरांकडे वळवली आणि वर्गातल्यासारख्या स्वच्छ तमिळमध्ये सांगितलं, "डॉक्टर, मला थकवा नाही. शरीराची इच्छा गेलीय. ती मला परत हवी आहे." दार अर्धं उघडं होतं. बाहेरच्या बाकावरच्या माना आत वळल्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रक्तदाबाच्या गोळ्या, मन, कोरडेपणा, घरातलं वातावरण, एकेक विचारलं, रक्त तपासलं. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "टेस्टोस्टेरॉन बायकांच्या अंगातही असतं, वयाबरोबर कमी होतं. तुमच्या या एका तक्रारीवर ते दिल्याने काही जणींना गुण येतो. थकव्यावर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. बायकांसाठी वेगळं औषध इथे मिळत नाही. पुरुषांचंच जेल लावायचं, अगदी थोडं, मी सांगेन तेवढंच मापून. मधूनमधून रक्त तपासू. मुरूम किंवा हनुवटीवर केस आले तर लगेच सांगा. सहा महिन्यांत फरक नाही पडला तर बंद."

बायकांसाठी मिळतच नाही! पाळी काय जगात जयलक्ष्मी एकटीची थांबली होती? ती चिठ्ठी घेऊन तडक औषधाच्या दुकानात गेली, मागोमाग हरिप्रसाद.

चिठ्ठीवर तिचं नाव ठळक होतं. दुकानदार राजगोपालने ते वाचलं नाही. औषधाचं नाव पाहिलं, पाकीट हरिप्रसादच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाला, "लाजू नका सर. तुमच्या वयाचे पुष्कळ जण नेतात."

दोन वर्षं तिच्या वतीने बोलणाऱ्या हरिप्रसादच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. त्याने पाकीट गुपचूप खिशात टाकलं.

जयलक्ष्मीने भर दुकानात हात पुढे केला. "द्या. औषध माझं आहे," ती तमिळमध्ये म्हणाली.

रस्त्यावर येताच तो मराठीत फणकारला. "अस्क्यांच्या देखत? दुकानभर लोक होते!"

तिचा आवाज खाली आला. "दोन वर्षें झालीं, तुम्ही आपली खाट हॉलांत नेलांत. कां?"

"तूंच म्हणालीस, ओढ गेली म्हणून."

"परत हवी आहे, तेंही म्हणालें होतें. तें कोणाला सांगितलांत?"

हरिप्रसादने पाकिटासाठी पिशवी पुढे केली. पिशवीत न टाकता, पाकीट हातात उघडं धरून ती घराकडे चालू लागली.