क्रीज न सोडणारा लॉर्ड

नाटक बसवायला घेतलं की संवाद पाठ होण्याआधी किस्से साठतात. आमच्या सिंगापूरच्या मराठी ग्रुपचंही तेच झालं.

नाटक माझं. नायक व्हिक्टोरियन काळातला एक लॉर्ड. पार्लमेंटमध्ये न्यायावर बोलणारा आणि सुट्टीत स्वतःच्या बागेत क्रिकेट खेळणारा. पहिल्या अंकाच्या शेवटी त्याचा माळी त्याला बोल्ड करतो, पण लॉर्ड क्रीज सोडत नाही आणि कोणी ब्र काढत नाही. अख्खा दुसरा अंक त्यावरच उभा. साम्राज्य म्हणजे काय, ते मला तेवढ्यात सांगायचं होतं.

*

लॉर्ड झाले जोशीकाका. बँकेत मोठे साहेब, शिवाय आमच्या रविवारच्या टीमचे कॅप्टन. पहिल्याच वाचनाला त्यांनी विचारलं, "हा माणूस वाईट आहे ना? मग त्याला इतकी छान वाक्यं का दिलीस?"

मी घरी जाऊन वाक्यं वाईट करायला बसलो. होईनात.

*

सेरंगून भागातल्या एका सोसायटीच्या हॉलमधल्या तालमीत लॉर्डचं पार्लमेंटमधलं भाषण ऐकून जोशीकाकूंनी टाळ्या वाजवल्या. मी सांगितलं की तो वसाहतींची तरफदारी करतोय.

"असेल," काकू म्हणाल्या. "पण ह्यांना शोभतं."

*

माळी होता केतन, पुण्याचा आयटीवाला. मी त्याला बजावलं होतं की मालकासमोर नजर खाली हवी.

"मग बॉल टाकू कुठे?" त्याने विचारलं.

*

त्याच आठवड्यातल्या रविवारी मॅचमध्ये काकांच्या बॅटची कड लागून बॉल कीपरच्या हातात गेला. आवाज सगळ्यांनी ऐकला. काका हलले नाहीत. अंपायर केतन होता, त्याचं बोट वर गेलं नाही. परतताना मेट्रोत मी त्याला झापझाप झापलं.

तो म्हणाला, "काका आहेत रे."

*

प्रयोगाला हॉल भरलेला. केतनचा बॉल थेट स्टंपवर. आता काकांचं वाक्य होतं, "आम्ही आउट होत नसतो." विंगेत माझ्याही ओठांवर तेच.

काकांनी वळून पडलेले स्टंप पाहिले. बॅट बगलेत धरली, केतनला म्हणाले, "चांगला टाकलास," आणि चालत विंगेत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

स्टेजवर माळी एकटा. लोक उभं राहून टाळ्या वाजवू लागले.

"काका, परत जा," मी कुजबुजलो. "दुसरा अंक आहे अजून!"

काका पॅड सोडत होते.

"जाऊ कसा? आउट आहे मी."