कपाटातली तसबीर

शहापूरच्या आमच्या फ्लॅटमधली कपाटं मी स्वतः उभी राहून करून घेतली. सुतार नको नको म्हणत असताना छतापर्यंत नेली. बेडरूमची एक अख्खी भिंत, पलंगाखाली खण, स्वयंपाकघरात ट्रॉल्या, दाराशी चपलांचं कपाट. मुरबाड तालुक्यात गावाबाहेरच्या वस्तीत मी वाढले. तिथे एक पत्र्याची पेटी आणि कपड्यांची एक वळणी, एवढ्यात सात माणसांचा संसार. आला-गेला उंबऱ्यातूनच सगळं बघून जायचा. त्यामुळे दार लावलं की आतलं कुणाला दिसत नाही, याचं मला फार अप्रूप. मी शिकवत होते त्या शाळेतल्या शिक्षिका चिडवायच्या, "बाई एक दिवस नवऱ्यालाही घडी घालून कपाटात ठेवतील!"

त्या नवऱ्यासाठीच घर विकायला काढलं. यांचं हृदय निम्मंच काम करतंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमचा तिसरा मजला, आणि लिफ्ट नाही. हे जिना चढू लागले की मी मागे राहायची आणि यांचा श्वास ऐकायची. कुठल्यातरी पायरीवर तो थांबेल, या भीतीने मी पायऱ्या मोजत राहायची. मुरबाडला दिरांच्या शेजारी तळमजल्यावरचं घर बघून ठेवलं होतं. इथलं विकलं गेलं की तिकडे जायचं.

एजंट माझाच जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा. तो खूश होता. "बाई, तुमचं स्टोरेज बघितलं की पार्टी नाय म्हनूच शकत नाय," म्हणायचा. खोटं नव्हतं ते. येणारी माणसं एकूण एक दार उघडून बघायची, ट्रॉल्या ओढायची, लॉफ्टकडे माना वर करायची. दोन पार्ट्या कागदपत्रं विचारण्यापर्यंत आल्या. मग हॉलमध्ये चहाला बसल्या, समोरच्या भिंतीवर नजर गेली आणि चहा अर्धा राहिला. आम्ही बौद्ध. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही कळत नाही. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आहे, तिच्यावरून कळतं.

तिसरी पार्टी यायच्या आदल्या दिवशी एजंटाचा फोन आला. "बाई, राग मानू नका. लोक तोंडावर बोलत नाय, पन बघतात. उद्या अकराला आनतो त्यांना. तेवढा फोटो आत ठेवा ना."

मला राग आला. रागापेक्षा भीती जास्त होती. म्हटलं, "ठेवते."

दुसऱ्या दिवशी हे अंघोळीला गेल्यावर तसबीर उतरवली आणि ती छातीशी धरून घरभर फिरले. एवढी कपाटं, पण जागा सापडेना. पलंगाखालच्या खणात कशी ठेवणार? वर आम्ही झोपतो. चपलांच्या कपाटासमोरून जाताना तर मान वर होईना. आणि कुठेही ठेवली तरी काय, ज्या कपाटांच्या जोरावर घर विकायचं, ती सगळी तर ते उघडून बघणार होते. शेवटी चांगल्या साड्यांचा एक कप्पा होता, त्याला कुलूप होतं. साड्यांवर तसबीर ठेवली, कुलूप घातलं, चावी कमरेला खोचली. भिंतीवर चौकोनी डाग उरला होता, त्यावर कॅलेंडर लावलं.

हे बाहेर आले. कॅलेंडरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग टॉवेल वाळत घालायला गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

अकराला नवरा-बायको आले. तो भातसानगरला नोकरीला, ती हसतमुख, बोलकी. तिने प्रत्येक खण उघडला. "किती मनापासून केलंय हो तुमी!" असं चारदा तरी म्हणाली. मी मात्र मनात कप्पे मोजत होते. तो कप्पा आला. तिने ओढून बघितलं.

"याची चावी?"

मी म्हटलं, "मुलीकडे राहिली. कल्याणला."

तीस वर्षं पोरांना खोटं बोलल्याबद्दल उभं केलं होतं मी.

"असू दे," ती म्हणाली आणि दारावर हात फिरवला. "पूर्वेला आहे ना हा? आमच्या देवांना बरोबर होईल."

हे दाराची चौकट धरून उभे होते. म्हणाले, "आमचं पन तिथंच हाय. उघड गो, दाखव त्यांना."

आत्ताच कल्याणला असलेली चावी मी त्यांच्यादेखत कमरेतून काढली. कुलूप काढलं. दार उघडलं. ती बाई वाईट नव्हती, तोंडातून काही वाकडं निघालं नाही. फक्त दारावरचा हात तिने काढून घेतला.

"बरं, कळवतो," तिचा नवरा म्हणाला. चहाला थांबले नाहीत. त्यांनी कधी कळवलंही नाही.

मी स्टुलावर चढून तसबीर जागेवर लावली, यांनी स्टूल धरलं. "माझ्यापायी भ्यालीस, कळतं मला," हे म्हणाले. "पन त्यांना कोंडून मला वाचवू नको." मला त्यांचा भयंकर राग आला. मरायचं यांनी आणि मागे राहायचं मी.

गेल्या आठवड्यात तपासणीहून परत येताना दुसऱ्या मजल्यावर हे खाली बसले. ओठ पांढरे पडले होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. एजंट होता. "बाई, उद्या एक पार्टी हाय, त्यांना फ्लॅट घ्यायचाच हाय. फक्त तेवढं ते..."

मी यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "आण. पण फोटो भिंतीवर असेल. आधीच सांग त्यांना."

तो म्हणाला, "बघतो, बाई," आणि फोन ठेवला.

हे माझ्याकडे बघून हसायला गेले, पण दम पुरला नाही. वर अजून अठरा पायऱ्या होत्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आतली धडधड हाताला लागत होती, आणि मनात एकच येत होतं, की मी आत्ता हे काय करून बसले.