काचेपलीकडचा सुहास

चंदीगडला उतरले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, तरी धुकं हटलं नव्हतं. स्टेशनवर मंजिरी, माझी भावजय, गाडी घेऊन आली होती. रुंद, सरळ रस्ते, दुतर्फा मोठी झाडं, दर चौकात फुलांचं वर्तुळ. एरवी मी कौतुक केलं असतं.

माझा धाकटा भाऊ सुहास पंधरा वर्षांपासून इथे एका प्रयोगशाळेत होता. गेल्या वर्षी दारू पिऊन गाडी चालवताना त्याच्या हातून एक सायकलस्वार गेला. दोन वर्षांची शिक्षा झाली. मी मंजिरीला फोनवर म्हटलं होतं, "मला भाऊ नाही." त्यानंतर पहिल्यांदाच, आई गेल्यावर दोन महिन्यांनी, मी सांगलीहून आले होते.

तुरुंगाच्या फाटकावर पहिलीच फजिती झाली. मी बेसनाचे लाडू नेले होते. शिपाई म्हणाला, "घर का खाना अंदर नहीं जाता जी." डबा हातात घेऊन बाकावर बसले. शेजारी एक शीख बाई होत्या, तुरुंगातल्या मुलाच्या भेटीला आलेल्या.

"पहली बार, भैणजी?"

मी मान हलवली. एक लाडू त्यांना दिला. चवीने खात त्या म्हणाल्या, "रोना बाहर आके. अंदर टाइम थोड़ा मिलता है."

मंजिरीने मला एकटीलाच आत पाठवलं. काचेपलीकडे सुहास बसला होता. केस पांढरे, खांदे उतरलेले. त्याने रिसीव्हर उचलला.

"ताई, प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"नाही."

"एक विचारू? इथून आठवड्याला एक फोन करू देतात. मी दर वेळी आईच्या नंबरवर केला. तिला माझ्याशी बोलायचं नव्हतं का?"

'नव्हतं' म्हणणं सोपं होतं. त्याने तेही मानलं असतं.

"फोन माझ्याजवळ असायचा," मी म्हटलं. "तुझा फोन आला की मी कापायचे. ती रोज विचारायची, सुहासचा फोन आला का? मी नाही म्हणायचे."

तो हळूच म्हणाला, "शेवटी तिला फार त्रास झाला?"

"नाही. झोपेतच गेली."

पुढे काही बोलायच्या आत भेटीची वेळ संपून लाइन बंद झाली. तो उठला आणि मागे न बघता गेला.

बाहेर मंजिरी उभी होती. तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. "जेवून घेऊ या," एवढंच म्हणाली. शेजारच्या पंचकुल्याला, त्यांच्या घरी, तिने गरम राजमा-चावल वाढले.

सांगलीला परतून आता तीन महिने झाले. शेजारणी विचारतात, चंदीगड कसं आहे? मी रस्ते सांगते, झाडं सांगते. सुहासने अजून मला फोन केलेला नाही. मंजिरी म्हणते, थोडा वेळ द्या त्याला. द्यायलाच हवा. त्याची बाजू एकदाही न ऐकता मी त्याला आईपासून तोडलं. आता त्याने बोलावं असा आग्रह कुठल्या तोंडाने धरू?