चढ येऊ द्या

मुदखेडच्या आमच्या शेजारच्या काकांनी लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक घेतला, तेव्हापासून ते दूध आणायलाही छाती काढून जातात. ट्रकचा काटा चाळीसच्या पुढे सरकत नाही. ऑटोवालेसुद्धा त्याला मागे टाकतात.

"जाऊ द्या, सर. चढ येऊ द्या, मंग दाखवतो. ही गाडी पळायसाठी न्हाई, पहाड चढायसाठी हाय."

मुदखेड-नांदेड रस्त्यावर पहाड कुठून आणायचा, हे मी विचारत नाही.

परवा भाचीच्या लग्नाला त्यांच्याच ट्रकमधून नांदेडला निघालो. मुहूर्ताला भाचीच्या पाठीशी मामा म्हणून मीच उभा राहणार होतो. वाटेत रेल्वेवरचा अरुंद पूल आला आणि काकांचे डोळे चमकले. त्यांनी गाडी थांबवली, मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्यात खालचा गिअर टाकला. इंजिन डरकाळ्या फोडत होतं, ट्रक मात्र पायी चालल्यासारखा चढत होता. मागे हॉर्नचा नुसता कल्ला.

"काका, मुहूर्त टळेल!"

"मुहूर्ताचं ऱ्हाऊ द्या, ताकद बघा!"

पुलाच्या माथ्यावर त्यांनी आरशात पाहिलं. "बघा, एक बी गाडी पुढं जाऊ शकली न्हाई."

मीही मागे वळून पाहिलं. फुलांनी सजवलेल्या गाडीच्या खिडकीतून बाशिंगासकट डोकं बाहेर काढून आमचेच जावईबापू हात जोडत होते.