लक्ष्मणमामांची पत

लक्ष्मणमामा माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे. तरी भेटले की आधी वाकून माझ्या पायांना हात लावायचे. आमच्याकडे भाच्याला देवाच्या जागी मानतात, मामानंच त्याच्या पाया पडायचं असतं. लहानपणी मला त्यात मोठी ऐट वाटायची. पुढे चाळिशी ओलांडली, आणि मामांचं माझ्या हातून जे नुकसान व्हायचं ते झालं, त्यानंतर ते वाकायला लागले की मी दोन पावलं मागं सरकायचो. म्हणायचो, "मामा, पुरे करा आता. लोक पाहतात."

"पाहू दे. तुह्या पाया कोन पडते? मी माह्या बहिणीच्या लेकराच्या पडतो."

मामांशी वाद घालणं म्हणजे ओल्या दोराची गाठ सोडवणं. जितकी ओढावी तितकी ती घट्ट बसते.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडं, आदिलाबादकडच्या आमच्या बेल्याच्या बाजारात त्यांचं बैलांच्या साजाचं दुकान होतं. दोर, कासरे, वेसणी, घुंगरमाळा, झुली. पोळ्याआधीचे पंधरा दिवस तिथं पाय ठेवायला जागा नसायची आणि उरलेलं वर्ष मामा दारात बसून ट्रॅक्टर मोजायचे. गाळा भाड्याचा, मालक आदिलाबादला. पण मामा तिथं इतकी वर्षं बसले होते की गावात पत्ता सांगतानाही लोक 'मामाच्या गाळ्यापासून उजवीकडं' असंच सांगायचे.

मी भाजीपाला वाहायला चारचाकी मालगाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा फायनान्सवाल्यानं जामीनदार मागितला. मामी म्हणाल्या, "सही करा, पन वाचून तं घ्या."

"भाच्याचं कागद वाचून घेत असते का कोनी?" मामा म्हणाले, आणि जिथं बोट दाखवलं तिथं सही करत गेले.

गाडी दीड वर्ष नीट चालली. मग इंजिनाचं काम निघालं, दोन हप्ते थकले, आणि मी फोन उचलणं सोडून दिलं. इंजिन बिघडलं यात माझा दोष नाही, फोन न उचलण्यात आहे. शेवटी कंपनीचा माणूस गाडी घेऊन गेला आणि वर म्हणाला, "एवढे एकदम भरा, बाकीचं सोडतो." मी भरले. सुटलो म्हणून पेढे घेऊन मामांकडे गेलो. 'बाकीचं सोडतो' या शब्दांचा अर्थ मी कुणाला विचारला नाही. मामांनी दोन पेढे खाल्ले.

गाडी गेल्यावर मी मामांच्याच दुकानात बसू लागलो. पुढच्या पोळ्यानंतर गाळ्याच्या मालकानं निरोप धाडला. गाळा विकायचा आहे, पहिला मान तुमचा, येत्या पोळ्यापर्यंत थांबतो. थोडे पैसे मामांकडे होते, बाकीच्यासाठी आम्ही दोघं बँकेत गेलो. तिथल्या मॅडम तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. संगणकात मामांच्या कर्जफेडीची नोंद पाहून म्हणाल्या, "अंकल, आपका स्कोर तो बहुत खराब है।"

"म्या तं जिंदगीत कर्ज घेतलं नाही," मामा म्हणाले.

"आप जमानतदार थे ना? गाडी का लोन. पूरा भरा नहीं, कम में समझौता किया। वो आपके नाम पर भी दिखता है।"

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मोटरसायकलवर मागं बसून बेल्यापर्यंत आले. घरासमोर उतरले आणि म्हणाले, "पेढे मातर चांगले होते."

त्या दिवसापासून मी हात धुऊन मामांच्या स्कोरच्या मागं लागलो. कंपनीनं सोडलेली रक्कम मी बायकोच्या बांगड्या मोडून भरली, सगळं चुकतं झाल्याचं पत्र घेतलं, ते नोंदीत चढवण्यासाठी हेलपाटे घातले. मॅडम म्हणाल्या, डाग पुसला जात नाही, पण हळूहळू फिका पडतो. मामांच्या नावानं थोडी ठेव ठेवा, तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, थोडं खर्च करा, वेळेवर भरा.

हे मामांना समजावताना माझा जीव मेटाकुटीला आला.

"म्हंजे पैसा माहा?"

"हो."

"तो बँकेत ठेवाचा, मंग तोच उधार घ्याचा, आन वापस केला तं मी इमानदार?"

"हो, मामा."

"अन् घेतलाच नाही तं?"

"तर त्यांना कळणार कसं, तुम्ही इमानदार आहात ते?"

मामांनी मामींना हाक मारली. "ऐकून राह्यली का? आपन आजवर उधार घेतलं नाही, म्हनून चोर हाओ."

तरी कार्ड त्यांनी घेतलं. किराणा भरला की दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे घेऊन बँकेच्या दारात उभे. बिल तरी येऊ द्या म्हटलं तर म्हणायचे, "देनं घरात ठेवून झोप येत नाही मले." हे एक वेळ परवडलं. पण पुढे त्यांनी जे केलं त्यानं मी डोकं धरून बसलो.

मामांची एक जुनी रीत होती. हंगामाआधी आदिलाबादला गेले की चार ठोक व्यापाऱ्यांकडे उधारी मागायचे आणि माल एकाकडूनच, तोही रोख घ्यायचे. "घ्याचं नसलं तरी इचारून ठेवा लागते," ते म्हणायचे. "न इचारल्यानं वळख बुजते." चौघांनी 'घेऊन जा मामा' म्हटलं की पत शाबूत असल्याची त्यांची खात्री व्हायची. आता नाव सुधारतंय का ते पाहायला हा माणूस गावोगावच्या फायनान्स कंपन्यांत जाऊन कर्ज मागून आला. प्रत्येकानं त्यांचं पॅन घेऊन चौकशी केली, आणि अशी प्रत्येक चौकशी नोंदीत चढते. चढलेला स्कोर पुन्हा खाली आला.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अंकल, पहले पूछना बंद करो!"

मी तर ओरडलोच. "मामा, लहान आहात का तुम्ही? कशासाठी मरमर करतोय मी?"

मामा शांतपणे म्हणाले, "कोनी हो म्हनते का ते पाहत होतो."

त्यानंतर मी त्यांचं पॅनकार्ड माझ्या खिशात ठेवलं. महिन्याच्या महिन्याला त्यांना दटावत राहिलो. आणि उन्हाळा संपता संपता, पोळा अजून दूर असताना, मॅडम एकदाच्या हसल्या. मामांचं नाव चालण्यासारखं झालं होतं. फक्त वयामुळे कर्जात कमी वयाचा एक कमावता माणूस सोबत हवा होता. मामांची एकुलती एक मुलगी महाराष्ट्रात दिलेली, तिला स्वतःचं उत्पन्न नाही. मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "ये भांजा है ना? दुकान में यही बैठता है। इनका पैन दो।"

मी ते चाचरतच दिलं. माझ्या नावावर गाडीचा डाग तर होताच, शिवाय टीव्हीचे थकलेले हप्ते होते, फोनवरच्या अ‍ॅपमधून कर्जाऊ उचललेले पैसे होते. त्यांना मी वर्षभर हात लावला नव्हता. आधी मामांचं, मग माझं, असं मनाशी म्हणत होतो आणि म्हणताना बरं वाटत होतं.

मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

मामा बँकेच्या पायऱ्यांवर थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्यावर ओरडले. "सालभर मास्तर होऊन माह्यामागं फिरला! तुहं काऊन नाही केलं?"

"मला वाटलं, आधी तुमचं..."

"तुले माही पत दुरुस्त नव्हती कराची. तुले माफी पायजे होती. ते तं म्या पयल्याच दिवशी देल्ली होती, फुकट! ते घेऊन चूप कामाले लागाचं होतं ना!"

पोळ्यानंतर गाळा विकला गेला. दोर आणि झुली मामांनी अर्ध्या भावात दिल्या आणि दिवाळीआधी दोघं मुलीकडे राहायला गेले. तिथून दर महिन्याला त्यांचा फोन यायचा. मी टीव्हीचं फेडलं, मग फोनवरचं फेडायला लागलो. दर वेळी बोलायला सुरुवात मात्र चुकीच्या जागेवरून, माफीपासूनच करायचो. शेवटचा फोन मामा वारले त्याच्या आदल्या आठवड्यातला. आवाज खोल गेला होता.

मी म्हणालो, "मामा, त्या गाळ्याचं माझ्या मनातून..."

"गाळ्याचं इचारलं नाही म्या. या महिन्याचा हप्ता भरला का?"

"भरला."

"मंग ठेव फोन."